एक झाकण औषध

पांगरी, ता. आर्णी
५ मे २००७

निजामभाऊ, नमस्कार.

तुमचा पत्ता तुमच्या बहिणीच्या, जुबैदाताईंच्या बांगड्यांच्या दुकानातून घेतला. मी पुंडलिकरावांची इंदू. तुम्ही दोघं आर्णीच्या शाळेत एका बाकावर बसत होतात. तीन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा आंध्रातल्या भीमावरमहून दोन दिवसांचा प्रवास करून तुम्ही आला होतात, हे मी विसरलेले नाही.

नाल्याकडच्या वावरात यंदा कापूस लावत नाही. सरकारी योजनेतून तिथं शेततळं खोदलं आहे, तीस मीटर लांब, तीस रुंद. विहिरीचं पाणी त्यात सोडता येतं. त्यात मासे आणि झिंगे, म्हणजे पुस्तकातली कोळंबी, सोबत वाढवायचे असं मनात आहे. वाचनालयाच्या कपाटात एक पुस्तिका सापडली, ती तीनदा वाचली. पण ती समुद्राकाठच्या लोकांसाठी लिहिलेली दिसते. आमच्या काळ्या मातीचं तिच्यात काही नाही.

जुबैदाताई म्हणाल्या की झिंग्याच्या तळ्यांचं तुमच्याएवढं कोणाला कळत नाही. मला शिकवाल का? उत्तर पत्रानंच द्या. आमच्या गावात मोबाइलला रेंज फक्त कापूस घेणाऱ्या देवीलालच्या गच्चीवर येते, आणि तिथं फोन घेतला की अर्धं गाव ऐकायला उभं राहतं.

इंदू


भीमावरम
१७ मे २००७

इंदूवहिनी, सलाम आणि नमस्कार दोन्ही.

पुंडलिकच्या घरून कागद आला याचंच आधी बरं वाटलं. मी काही शिकलेला माणूस नाही. दहावीत दोनदा नापास, दोन्ही वेळा पुंडलिकचा पेपर पाहून. पण पंधरा वर्षं झाली, रोज सकाळी पाणी पाहून राह्यलो. तेवढं मले येते.

कमी जागेत जास्त जीव वाढवायचे असले तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. झिंगे आपण नाही वाढवत, पाणी वाढवते. आपण फक्त पाणी बिघडू द्यायचं नाही. त्यासाठी सांगतो.

पांढरी थाळी दोरीनं पाण्यात सोडा. हातभर खोल गेल्यावर दिसेनाशी झाली तर पाणी बरोबर. लवकर दिसेनाशी झाली तर खाद्य कमी करा. खाद्य अंदाजानं टाकू नका. थोडं जाळीच्या ताटलीत ठेवून तळाशी सोडा, दोन तासांनी वर काढा. ताटली साफ असली तर उद्या थोडं जास्त, उरलं तर कमी. उरलेलं खाद्य कुजते आणि पाण्यातली हवा खाऊन टाकते. हवेसाठी आर्णीचा मिस्त्री, आमचा अय्याज, जुन्या मोटरचं पाणी घुसळणारं चक्र बनवून देईल. तळाचं घाण पाणी नाल्यात सोडायचं नाही, तुरीले द्यायचं.

झिंगा कात टाकते तेव्हा मऊ पडते आणि दुसरे झिंगे त्याले खातात. लपायले जागा पाहिजे. बोरीच्या फांद्या टाका. कपाशीची पऱ्हाटी टाकू नका, तिच्यावर फवारणीचं औषध बसलेलं असते.

बी, म्हणजे पिल्लं, सोडायच्या दोन दिवस आधी पाणकिडे मारायचे, ते पिल्लं खातात. साबण आणि गोडं तेल उकळून पाण्यावर पसरवायचं. तेलाचा पापुद्रा बसला की किड्यांचा श्वास कोंडते. तुमच्या तळ्याले पाच किलो तेल लागेल. कमी करू नका.

आणि घरात कपाशीच्या औषधाची बाटली असली तर पहिले ती काढा. मले माहीत आहे, पुंडलिकनंतर तुमच्याकडे नसेलच. तरी सांगणं माझं काम आहे.

बी किती सोडायचं ते मी हिशोब करून सांगतो. ती जबाबदारी माझी.

निजाम


पांगरी
२ ऑगस्ट २००७

निजामभाऊ,

तुम्ही पाठवलेलं बी पोचलं. अय्याजनं स्टेशनवरून पिशव्या मांडीवर घेऊन आणल्या. पिशव्या अर्धा तास तळ्यावर तरंगत ठेवल्या, थोडंथोडं पाणी आत घेतलं आणि मगच सोडलं. साडेतीन हजार झिंगे आणि बोटभर लांबीचे पाचशे मासे. झिंग्याचं पिल्लू तर शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्याएवढं.

चक्रही बसलं. अय्याज म्हणाला, "वहिनी, हा कूलरचा बाप आहे, याले हात लावू नका." लाइट असते तेवढा वेळ ते फिरतं.

देवीलाल रोज काठावर येऊन बसतो. काल सगळ्यांसमोर म्हणाला, इंदूबाईनं वावरात पाणी पेरलं, आता त्याले बोंडं येतील. लोक हसले. मीही हसले. हे मी तीन वर्षांत पहिल्यांदा गावात हसले असेन.

थाळी हातभर दिसते. ताटली साफ निघते. साबण-तेल तुम्ही सांगितल्याप्रमाणं केलं. औषधाची बाटली घरात नाही. ते गेले त्याच आठवड्यात मी सगळ्या बाटल्या गावाबाहेर खड्ड्यात पुरल्या.

इंदू


भीमावरम
१६ ऑगस्ट २००७

इंदूवहिनी,

तुमचं पत्र मी इथल्या पोरांना वाचून दाखवलं. थाळी, ताटली, सगळं लिहून पाठवणारी बाई त्यांनी पाह्यली नाही. इथले तळ्यांचे मालक फोनवर म्हणतात, "सब ठीक है," आणि आठ दिवसांनी रडत येतात.

आमच्या हॅचरीच्या शेठले मी तुमचं सांगितलं. तो म्हणाला, यवतमाळात झिंगा होत असेल तर तिकडे आणखी बी पाठवू. राळेगाव आणि नेरकडच्या आठ लोकांनी तळी खोदून ठेवली आहेत. त्यांना किती बी द्यायचं ते शेठनं माझ्यावर सोडलं. दहावी नापास माणसावर. अम्मीनं ऐकलं असतं तर मिठाई वाटली असती.

एक विचारतो. पाठीवर उलटे पोहणारे किडे दिसतात का? काहीबी दिसलं, बरं का वाईट, ते तसंच लिहा. मी तिथं नाही. तुम्ही लिहाल तेच माझे डोळे.

निजाम


पांगरी
३० ऑगस्ट २००७

निजामभाऊ,

वाईट बातमी आहे. तळ्यातले झिंगे मेले.

तीन दिवस आभाळ होतं. लोडशेडिंग चौदा तासांचं, चक्र बंदच. मंगळवारी सकाळी गेले तर काठाकाठानं पांढरे पडलेले झिंगे. बादलीनं काढले. एकही जिवंत दिसला नाही.

मासेही वर येऊन तोंड उघडत होते. त्यातले काही मेले. पाण्यातली हवा संपली असावी, असं मला वाटतं.

किडे फारसे दिसले नव्हते.

यापुढं काय लिहू ते कळत नाही.

इंदू


भीमावरम
११ सप्टेंबर २००७

इंदूवहिनी,

मनाला लावून घेऊ नका. चूक तुमची नाही, माझी आहे.

तुम्ही लिहिलं तसंच झालं असणार. मी बी सांगितलं ते भीमावरमच्या हिशोबानं. इथं लाइट गेली तर डिझेलचं इंजिन लागते. चौदा तास चक्र बंद राहील हे मी धरायले पाह्यजे होतं. मी यवतमाळचाच माणूस. आपल्याकडे लाइट कशी असते हे मले माहीत नाही का? तरी चुकलो.

शेठले मी खरं ते सांगितलं, की माझा अंदाज जास्त निघाला. राळेगाव, नेरवाल्या आठही जणांचं बी थांबवलं. आणखी कोणाचं तळं माझ्या हातून जायले नको.

मासे किती मेले ते लिहा. वजनासकट. म्हणजे हवा किती कमी पडली याचा हिशोब मले लावता येईल.

निजाम


पांगरी
४ ऑक्टोबर २००७

निजामभाऊ,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, वेचणीचे दिवस आहेत. वरच्या वावरात थोडा कापूस आहे, त्यावर बोंडअळी आहे.

मासे चाळीसेक मेले असतील. वजन केलं नाही.

गावात लोक बोलतात की आंध्रातून आणलेलं काही आपल्याकडे टिकत नाही, निजामनं विधवा बाईला बुडवलं. आर्णीला बाजारात कोणीतरी जुबैदाताईंनाही तसं बोललं म्हणे. तुम्ही मनावर घेऊ नका. लोक बोलतात आणि विसरतात.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नये असं मला वाटतं.

इंदू


भीमावरम
९ नोव्हेंबर २००७

इंदूवहिनी,

जुबैदानं फोन केलता. रडत होती. मी तिले म्हटलं, लोक खोटं नाही बोलून राह्यले, चूक झाली आहे तर ऐकून घ्यावं लागते.

शेठनं मले बियाच्या कामावरून काढलं. नोकरी आहे, पण आता खाद्याच्या गोण्या उतरवतो. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, निजाम, तुझी नजर गेली, दोन वर्षं आराम कर. मले राग नाही आला. तेच खरं असावं असं वाटलं. काल एका मालकानं विचारलं, पाणी कसं आहे. मी काठावर उभा राह्यलो आणि मले सांगताच नाही आलं. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. हिरवं दिसे, आणि चांगलं हिरवं का वाईट हिरवं, ते कळेना.

इथं एक म्हातारे आहेत, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. त्यांना तुमची सगळी पत्रं वाचून दाखवली. ते म्हणाले, झिंगा हा किड्याच्या जातीचा जीव आहे. किड्याले मारते ते झिंग्याले मारते, आणि माशाले थोड्यानं काही होत नाही. झिंगे सगळे मेले आणि मासे जगले असते, तर मी डोळे मिटून सांगितलं असतं की तळ्यात औषध पडलं. पण मासेबी मेले म्हणता, म्हणजे हवाच.

मी त्यांना म्हटलं, औषधाचा विचारबी करू नका. त्या घरातला माणूस फवारणी करता करता वावरात पडला आणि उठला नाही. ती बाई औषधाची बाटली शिवायची नाही.

तर मग हिशोब माझाच चुकला. हे पत्र उगाच लांबलं. तब्येतीले जपा.

निजाम


पांगरी
२८ नोव्हेंबर २००७

निजामभाऊ,

हे पत्र मी ऑगस्टमध्येच लिहायला हवं होतं. आता लिहिते आहे ते तरी पूर्ण वाचा.

तळ्यातला एकही मासा मेला नाही. पाचशे सोडले होते, पाचशेच्या आसपास असतील. आज ते वीतभर झाले आहेत. चाळीस मेले हे मी तुम्हाला खोटं लिहिलं.

तीन दिवस आभाळ होतं हे खरं, लोडशेडिंगही खरं. पण त्याचा झिंगे मरण्याशी संबंध नाही. त्यांना मी मारलं.

पहिल्यापासून सांगते. तुम्ही पाच किलो तेल सांगितलं होतं. मी पाच किलो आणलं. कढईत ओतायला घेतलं आणि हात थांबला. आमच्या घरात पाच किलो तेल तीन महिने पुरतं. ते पाण्यावर ओतायचं, हे मनाला पटेना. दीड किलो ओतलं आणि बाकीचं डब्यात भरून ठेवलं. तुम्हाला लिहिलं, सांगितल्याप्रमाणं केलं. त्या तेलात मी महालक्ष्म्यांचा स्वयंपाक केला.

पाणकिडे मेले नाहीत, वाढले. तुमचं पत्र आलं, उलटे पोहणारे किडे दिसतात का, तेव्हा ते शेकड्यानं दिसत होते. एका सकाळी मी ताटली वर काढली तर एका किड्यानं झिंग्याचं पिल्लू धरलेलं. त्यानं नुकतीच कात टाकली होती, मऊ होतं, हलत होतं. किडा त्याला सोडत नव्हता. मला ते पाहवेना.

तुम्हाला लिहायचं तर तेल कमी टाकलं हेही लिहावं लागलं असतं. आणि उत्तराला पंधरा दिवस.

तीस वर्षं मी कपाशीत काम केलं आहे. किडा दिसला की हात कुठं जातो ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्या बाटल्या पुरल्या असं मी लिहिलं होतं. एक ठेवली होती, तुरीच्या कोठीमागं, वरच्या वावरातल्या बोंडअळीसाठी. ते ज्या औषधानं गेले, ते घेतलं होतं त्याच दुकानातली. मी रोज त्यांच्या फोटोला फूल वाहते आणि त्या भिंतीच्या मागं ती बाटली होती. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

एक झाकण टाकलं. बादलीत कालवून चारी काठांनी शिंपडलं. एवढं पाणी, त्यात एक झाकण काय करणार, असं वाटलं. झिंगा माझ्या डोळ्यांना माशासारखा दिसत होता. पाण्यातला, खायचा, बाजारात माशांशेजारी विकला जाणारा. तो किड्याच्या जातीचा आहे हे पुस्तिकेतही लिहिलं होतं, तिसऱ्या पानावर. मी ते तीनदा वाचलं होतं. पऱ्हाटी टाकू नका असं तुम्ही सांगितलं, ती मी एक काडी टाकली नाही. आणि औषध मात्र माझ्या हातानं ओतलं.

दुसऱ्या सकाळी किडे मेलेले पाहिले आणि मला बरं वाटलं. मग काठाकडं पाहिलं.

चूक झाली ती झाली. त्यानंतर मी जे केलं त्याची लाज जास्त आहे. तुमचं पत्र आलं, चूक माझी आहे. ते वाचून मला, काय सांगू, सुटल्यासारखं झालं. कोणीतरी आपलं ओझं उचललं असं. गावात लोक तुम्हाला नावं ठेवत होते तेव्हा मी खाली मान घालून बसत होते, आणि बायका म्हणत, बिचारी. जुबैदाताई दुकानात भेटल्या. त्यांनी माझाच हात धरला आणि भावाच्या वतीनं माफी मागितली. मी हात सोडवून घेतला नाही.

गेल्या सोमवारी अय्याज चक्राची मोटर तेल-पाणी करायला आला. मी ताटली वर काढली तर माशांनी पाणी उसळवलं. तो पाहत राहिला. मग एवढंच म्हणाला, "वहिनी, मासे तं आहेत."  त्यानं पाने-पक्कड पिशवीत भरले, गाडीला किक मारली आणि मागं न पाहता म्हणाला, "मी काही पाह्यलं नाही. तुमी घाबरू नका." मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही लिहिलंत, पाणी पाहून सांगता आलं नाही. ते वाचल्यापासून मला जेवण जात नाही. झिंगे मेले, ते पुढच्या वर्षी पुन्हा येतील. तुमची पंधरा वर्षांची नजर मी घालवली. तुमचा हिशोब चुकला नव्हता, निजामभाऊ. बी बरोबर होतं. तुमच्या म्हाताऱ्या गुरूंनी जे सांगितलं तेच झालं होतं. मी तुमच्या दोघांच्याही डोळ्यांत खोटं घातलं.

हे पत्र तुम्हाला पाठवून मोकळं व्हावं असं करणार नाही. इथल्या शाळेच्या गुरुजींकडून हिंदीत लिहून घेऊन तुमच्या शेठला वेगळं पत्र टाकलं आहे, माझ्या सहीनं. आणि काल देवीलालच्या अंगणात कापूस मोजायला सगळं गाव जमलं होतं, तिथं मी उभी राहून सांगितलं. पहिल्यांदा मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं. बायका वजनकाट्यापासून मागं सरकल्या. देवीलाल म्हणाला, "एका झाकणानं काय होते बाई? आम्ही तं फवारणीचे पंप नाल्यात धुतो." मी म्हटलं, साडेतीन हजार सोडले होते, एक उरला नाही.  मग रुखमाबाई, जी माझ्या शेजारी तीस वर्षं वेचणी करते, ती म्हणाली, "आन् त्या आर्णीच्या बांगडीवालीले तू तसंच रडू देल्लं?"

आज आर्णीला जुबैदाताईंकडं जाऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं. बसा म्हणाल्या नाहीत. ते योग्यच होतं.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल.

इंदू


भीमावरम
२० जानेवारी २००८

इंदूबाई,

उत्तर लिहायले वेळ लागला. तीन पत्रं लिहून फाडली.

शेठनं तुमचं पत्र वाचलं आणि मले पुन्हा बियाच्या कामावर घेतलं. मी म्हाताऱ्या गुरूंना सांगायले गेलो तर ते हसले. मले हसू नाही आलं. पाणी पाहतो, सांगतोबी, पण सांगून झाल्यावर परत एकदा पाहायले जातो. हे आता जाईल का नाही, माहीत नाही.

मले औषधाचा राग नाही. नवा माणूस चुकतेच. मी माझ्या पहिल्या वर्षी चुना जास्त टाकून मालकाचं अख्खं तळं मारलं होतं, अन् मार खाल्ला होता. राग तेलाचाबी नाही. राग याचा आहे, की मी तुम्हाले डोळे म्हटलं.

माफीचं आत्ता माझ्याकडे काही नाही. खोटं नाही लिहीत.

पण एक काम आहे. राळेगाव, नेरकडची तळी यंदा बी घेणार. ते सगळे कपाशीवाले. त्यांच्याबी घरात बाटल्या आहेत, त्यांचाबी हात तिथंच जाईल. मी कितीबी सांगितलं तरी ते म्हणतील, हा आंध्रावाला घाबरवते. तुम्ही जा. प्रत्येक तळ्यावर उभं राहून सांगा, मी टाकलं होतं. तुमच्या तोंडून ऐकतील. नावं-गावं मागच्या पानावर आहेत.

जायचं नसलं तर तसं लिहा. न जाता गेले म्हणून लिहू नका.

निजामुद्दीन


पांगरी
१३ जुलै २००८

निजामभाऊ,

आठही तळ्यांवर जाऊन आले.

पहिल्या ठिकाणी, राळेगावकडं, पंधरा-वीस माणसं होती. मी सांगायला लागले तशी दोघं उठून गेली. एक जण म्हणाला, बाई, तुमी तुमचं तळं सांभाळलं नाही, आमाले कायले शिकवता? मी म्हटलं, म्हणूनच. दुसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्यानं मला विचारलं की तुमचा नवरा औषधानंच गेला ना, मग बाटली ठेवलीच काहून. ती तुरीच्या कोठीमागं होती, एवढंच मी सांगितलं. एस.टी.त परत येताना वाटलं की पुढच्या गावाला जाऊच नये. तुम्हाला तसं पत्रही लिहायला घेतलं होतं. मग गेले.

आठवं तळं नेरच्या पुढं आहे. उकंडा नावाच्या शेतकऱ्याचं. त्याच्या अंगणात सगळ्यांसमोर बोलले, पाणी प्यायले आणि बसची वाट पाहत काठावर जाऊन बसले. उकंडाची बायको भांडी घासायला आली. तिचं नाव मी लिहीत नाही. भांडी घासता घासता तिनं विचारलं, "असं सगळ्याईसमोर सांगाले तुमाले लाज नाही वाटत?"

वाटते, मी म्हटलं. दर वेळी तेवढीच वाटते.

तिनं भांडं पालथं घातलं. मग म्हणाली, "माह्या हातूनबी पडलं आहे. चार दिस झाले. किडे लई झालते. त्याईले सांगितलं नाही. बी शुक्रवारी येते."

किती दिवसांनी पाणी सुधारतं, तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. पूर्वीची मी असते तर पुस्तिकेत वाचलेलं काहीतरी सांगितलं असतं. मला माहीत नाही म्हणाले आणि नेरच्या बसस्टँडवर येऊन तुम्हाला फोन केला. तुम्ही फोनवर दुसरं काही बोलला नाहीत. दिवस मोजू नका, नाल्यातले दहा झिंगे पकडून जाळीत घालून त्या पाण्यात ठेवा, दोन दिवस पाहा, एवढंच म्हणालात. तसंच केलं. मी तिच्याकडंच राहिले. घरच्यांना सांगितलं की पाणी तपासायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी मिळून जाळी वर काढली. उकंडा काठावर येऊन उभा राहिला. अंगात बनियान, हातात दातून.

"किती?" त्यानं विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. ती वाट पाहत होती, मी काहीतरी सांगेन म्हणून. लाइट नव्हती, आभाळ होतं, असं काहीतरी. मी खाली जाळीकडं पाहत राहिले.

 मग तिनं बोटानं एकेक झिंगा बाजूला करून मोजला.

"आठ मेले," ती म्हणाली. "औषध मीनंच टाकलतं."

इंदू